फौंड्रीच्या मालकाला दिवाळीत पुस्तक द्यावं का?

प्रश्न : सादर नमस्कार. मी कोल्हापूरची, वय 36, इलेक्ट्रिकल इंजिनियर. काही वर्षं नोकरी केली, मग ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेची ऑडिटरची परीक्षा पास होऊन दोन वर्षांपूर्वी स्वतःचं काम सुरू केलं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांमध्ये जाऊन वीज कुठं वाया जाते ते मी शोधून देते. आजवर 9 कामं झाली. ज्यांनी अजून काम दिलेलं नाही अशा 40 मालकांना या दिवाळीत भेट द्यावी असं मनात आहे. त्यांतल्या 12 जणांना मी प्रत्यक्ष भेटले आहे, उरलेली 28 नावं डिरेक्टरीतून काढली आहेत. ड्रायफ्रूटचे डबे सगळेच देतात, म्हणून मी व्यवस्थापनावरचं एक गाजलेलं इंग्रजी पुस्तक निवडलं. मी ते अजून वाचलेलं नाही, पण सगळीकडे नाव आहे. प्रत 600 रुपयांना पडते, मुखपृष्ठावर माझा लोगो छापून मिळेल. म्हणजे 24,000 रुपये. सासरे म्हणतात, "पुस्तक कोण वाचतंय? मिठाई दे, निदान तोंड तरी गोड होईल." नवऱ्याला वाटतं, पुस्तक दिलं तर शिकवायला आल्यासारखं दिसेल. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. "मी ते अजून वाचलेलं नाही." बाकी सगळं नंतर बोलू, आधी हे. दिवाळी झाल्यावर तुम्ही एखाद्या मालकासमोर बसाल, चहा येईल, आणि तो सहज विचारेल, "काय आहे हो त्या पुस्तकात?" त्याचा प्रश्न साधा असेल, मनात काही काळंबेरं नसेल. तुमच्याकडे उत्तर नसेल. ज्या बाईनं न वाचता पुस्तक दिलं, तिनं भट्टी न बघता रिपोर्ट लिहिला तर, अशी शंका त्याच्या मनात आली तर त्याचा काय दोष? तुमचा धंदा विश्वासाचा आहे. मीटर लावून मोजलेला आकडाच तुम्ही देता, हीच तुमची पत. तेव्हा न वाचलेलं पुस्तक कुणालाही नाही, एवढं आधी पक्कं करा.

आता ते 28. त्यांना या वर्षी काही देऊ नका. ज्याला आपण भेटलो नाही, ज्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, त्याच्या टेबलावर अचानक पुस्तक जाऊन पडलं तर ते पाकिटात घातलेल्या जाहिरातीसारखंच असतं. रिसेप्शनवरचा मुलगा ते आत नेऊन ठेवेल, आणि पाठवणाऱ्याचं नाव पाडव्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहणार नाही. भेट ओळखीनंतर येते. भेटवस्तू देऊन ओळख विकत घ्यायला गेलं की ती पातळ होते.

उरले 12. त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण तुमच्या यजमानांची शंका खरी आहे आणि ती कुठून येते ते समजून घ्यायला हवं.

मी 28 वर्षं एका इंजिनियरिंग कंपनीच्या पर्चेसमध्ये होतो. कास्टिंग घ्यायला महिन्यातून दोन-तीन वेळा कोल्हापूरला यायचो. तिथला फौंड्रीवाला कसा असतो ते मी जवळून बघितलंय. आजोबा उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामात, वडिलांनी क्युपोला म्हणजे कोळशाची भट्टी चालवली, याच्या काळात विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. म्हादबा मेस्त्रींसारखे कारागीर ज्या गावानं पाहिले, तिथला हा माणूस. 2008-09 च्या मंदीत ऑर्डरी थांबल्या, नोटाबंदीत मजुरांचा पगार द्यायला रोकड नव्हती, लॉकडाउनमध्ये माणसं गावी गेली. 2021 च्या एप्रिलमध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, तो जायलाच हवा होता, पण रायझर, म्हणजे कास्टिंगला चिकटून राहिलेले जादा धातूचे भाग, कापायचे कशानं हा प्रश्न याच्यापुढे उभा राहिला. एवढं सगळं होऊनही भट्टी पेटती ठेवलेल्या माणसाला आपण "धंदा कसा करावा" असं सांगणारं पुस्तक, तेही दोन वर्षं जुन्या ओळखीवर, देतो तेव्हा तो तोंडावर हसून घेतो. आत कुठंतरी त्याला टोचतं. तो बोलून दाखवणार नाही. कोल्हापूरचा माणूस घरी आलेल्याचा अपमान करत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. काजूकतलीचा डबा काही मागत नाही. तो उघडला, मुलांनी खाल्ला, संपला. पुस्तक मात्र आठ-दहा तास मागतं. फौंड्रीवाल्याकडे ते कुठून असणार? रात्रपाळीला मेल्टिंग असेल तर झोपेतही फोन उशाशी असतो. आपण दिलेली वस्तू त्याच्याकडे काहीतरी मागते, याची जाणीव देणाऱ्यानं ठेवली पाहिजे. म्हणून मी म्हणेन, पुस्तक द्यायचं तर त्यातलं एकच पान त्याच्यासाठी निवडा. तिथं कागदाची पट्टी घाला, पट्टीवर हातानं दोन ओळी लिहा : हे पान वाचताना मला तुमची शेड का आठवली. एवढं एक पान तो वाचेल. आवडलं तर पुढचं वाचेल, नाही आवडलं तरी तुम्ही त्याचा विचार करून आला होता हे त्याला कळेल.

याचा अर्थ बाराही जणांना एकच पुस्तक देता येणार नाही. प्रत्येकाला वेगळं. जड वाटेल, पण 12 हा आकडा फार मोठा नाही, आणि गणपती नुकतेच गेलेत, हाताशी तीन आठवडे तरी आहेत. भेटीत काय बोलणं झालं ते आठवा. एखाद्याच्या केबिनमध्ये तालमीतला फोटो होता का? एखादा पंचगंगेच्या पुराबद्दल बोलत होता का? कुणाची मुलगी पुण्यात शिकतेय? ज्याला शेतीची ओढ आहे त्याला मातीवरचं पुस्तक द्या, ज्याला जुनी यंत्रं जमवायचा नाद आहे त्याला यंत्रांच्या इतिहासाचं. पुस्तक धंद्याचंच असलं पाहिजे हा हट्ट सोडा. धंद्याचंच द्यायचं असेल तर सूत्रं सांगणारं नको, चरित्र द्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकण्यापासून सुरुवात केली आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर कारखाना उभा केला, ही गोष्ट कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला तो नांगर कसा विकला असेल, हे तो आपल्या अनुभवानं वाचतो. त्याला कुणी शिकवत नसतं. स्वतःसारखाच एक माणूस त्याला त्यात भेटतो.

भाषेचाही विचार करा. साठीच्या पुढचे मालक सकाळी मराठी पेपर वाचतात आणि दिवाळीत एखादा अंक चाळतात. त्यांना इंग्रजी पुस्तक म्हणजे कपाटात ठेवायची वस्तू. मुलगा इंजिनियरिंग करून आला असेल तर तो इंग्रजी वाचेल, पण मग भेट कुणाला देतोय ते स्पष्ट हवं. वडिलांच्या नावानं दिलेलं पुस्तक मुलानं वाचावं, अशी आशा धरू नका. दोघं एकाच केबिनमध्ये बसत असतील तर पुस्तक वडिलांच्या हातात द्या. हा मान चुकला तर पुढचं काहीच नीट होत नाही.

दिवाळी आणि वाचन यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी असतंच. म्हणून सासऱ्यांना सांगा, की पुस्तक कोण वाचतंय हे पूर्ण खरं नाही. नको ते पुस्तक कोणी वाचत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो. तुमच्यापासून गाडीनं तास-दीड तासावर किर्लोस्करवाडी आहे. तिथून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं पत्र म्हणून ते निघालं, नांगर, चरक अशा अवजारांच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचावं म्हणून. पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' आली, आणि महाराष्ट्रातल्या किती पिढ्या त्यांवर वाढल्या हे वेगळं सांगायला नको. माल विकणाऱ्या कारखान्यानं गिऱ्हाइकाला वाचायला काहीतरी द्यावं, ही कल्पना तुमच्याच भागात शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे. त्यांनी दुसऱ्याचं गाजलेलं पुस्तक विकत घेऊन त्यावर आपलं नाव छापलं नाही. आपल्या गिऱ्हाइकासाठी स्वतः लिहिलं.

तुम्हीही लिहा. 32 पानांची, 16 पानी दोन फॉर्मची पुस्तिका, मराठीत, पिन मारलेली. विषय एकच : फौंड्रीचं वीजबिल. तुम्ही 9 फौंड्र्या आतून बघितल्यात. कोल्हापुरात किती जणांनी अशा बघितल्या असतील? तुमच्याकडे जे आहे ते बाजारातल्या कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात नाही.

काय लिहाल? सुरुवात बिलापासून करा. महावितरणच्या हाय टेन्शन बिलातली एकेक ओळ म्हणजे काय, ते साध्या शब्दांत. 1 एप्रिल 2020 पासून एचटी म्हणजे हाय टेन्शन ग्राहकांना केडब्ल्यूएचऐवजी केव्हीएएचवर बिल येतं, पण मी आजही असे मालक बघतो ज्यांना पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण) बिघडल्याचा फटका आता थेट युनिटमध्येच मिसळून येतो हे कुणी सांगितलेलं नाही. पॉवर फॅक्टर सांभाळणारी कपॅसिटर बँक जळून तीन महिने झाले तरी लक्षात येत नाही. मग मॅक्झिमम डिमांड, म्हणजे महिन्यात एका वेळी ओढलेला सर्वांत जास्त भार. दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण पॉवरवर घेतल्या, त्यातच सँड प्लांट आणि कॉम्प्रेसर सुरू झाला, की महिन्याची डिमांड एका अर्ध्या तासात वर जाऊन बसते. पाळीचं वेळापत्रक अर्धा तास मागं-पुढं केलं तर काय होतं, ते एका खऱ्या उदाहरणानं दाखवा. कारखान्याचं नाव न घेता आणि मालकाची परवानगी घेऊन.

नंतर भट्टी. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे किती लागतात हे रोज मांडणारे थोडे. झाकण उघडं राहिलं, लॅबचा रिपोर्ट यायला उशीर झाला म्हणून धातू पंधरा मिनिटं धरून ठेवला, गंजलेलं, वाळूनं भरलेलं भंगार भट्टीत टाकलं, या तीन गोष्टींत किती जातं ते आकड्यात लिहा. कॉम्प्रेस्ड हवेवर दोन पानं द्या. 3 मिलीमीटरच्या एका भोकातून 7 बार दाबाची हवा गळत राहिली तर ती भरून काढायला कॉम्प्रेसरला तीन-चार किलोवॅट लागतात. रविवारी शेड बंद असताना मालकानं स्वतः आत उभं राहून कान द्यावा, फुसफुस कुठून येते ते त्यालाच ऐकू येईल. हे असं लिहा. शेवटी एक कोरा तक्ता ठेवा. रोजची हीट (भट्टीचा एक घाणा), टन, युनिट, भागाकार. सुपरवायझरनं पेननं भरायचा.

या पुस्तिकेवर तुमचं नाव आणि फोन नंबर मागच्या पानावर छापा. इथं तो शोभतो. दुसऱ्या लेखकाच्या मुखपृष्ठावर तुमचा लोगो मात्र छापू नका. ती वस्तू मग भेट राहत नाही, कॅलेंडर होते. पुस्तकात पहिल्या कोऱ्या पानावर "सप्रेम भेट", मालकाचं नाव, तुमची सही, तारीख. बास. प्रती दुकानातून घ्या. रस्त्यावर मिळणाऱ्या पातळ कागदाच्या नकली प्रती स्वस्त पडतात, पण चोरीची छपाई सप्रेम भेट म्हणून देऊ नये, आणि ओळखणारे ओळखतात.

पैशांचं बघा. 12 पुस्तकं सरासरी 400 रुपयांनी 4,800 होतात. तुमच्या 24,000 मधले 19,200 उरतात, ते पुस्तिकेच्या छपाईला लावा. दोन-तीन छापखान्यांतून दर घ्या. आणि छापण्याआधी एका जुन्या मालकाला कच्ची प्रत वाचायला द्या. तो जिथं अडखळेल ते वाक्य तुम्ही ऑडिटरच्या भाषेत लिहिलंय असं समजा.

कराचं फार डोक्यात घेऊ नका, पण माहीत असू द्या. 2022 च्या जुलैपासून धंद्यातल्या भेटींवर टीडीएसचा नियम आहे, एका माणसाला वर्षात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं दिलं तर. तुमचं पुस्तक त्याच्या जवळपासही जात नाही. भेट दिलेल्या वस्तूंवरचं इनपुट क्रेडिट जीएसटीत मिळत नाही, पण छापील पुस्तकावर जीएसटीच नाही, त्यामुळे तोही प्रश्न नाही. बिलं जपून ठेवा, बाकी तुमचे सीए बघतील.

एक जागा मात्र जपा. तुमच्या यादीत एखादी मोठी लिमिटेड कंपनी किंवा सरकारी उपक्रम असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला काहीही नेऊ नका, पुस्तकसुद्धा. हे मी भोगून सांगतोय. नोकरी सोडल्यावर सुरुवातीच्या दिवाळीत मी एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला एक चांगलं चरित्र दिलं. मनापासून दिलं होतं, आमची बोलणी पुस्तकांवरूनच व्हायची. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यांनी ते पुस्तक रजिस्टरमध्ये नोंदवलं होतं, आणि वरून ते परत करायला सांगितलं होतं. मी गेटवर गेलो, सिक्युरिटीनं गेटपास केला, मी सही करून माझंच पुस्तक परत घेतलं. त्या सद्गृहस्थांनी काही चुकीचं केलं नव्हतं, मीही केलं नव्हतं, तरी माझ्यामुळे त्यांना वरिष्ठांपुढे उभं राहावं लागलं, आणि त्यानंतर आमच्या बोलण्यात पहिली मोकळीक आली नाही. आधी एक फोन करून विचारलं असतं तर टळलं असतं. अशा ठिकाणी तुमची पुस्तिका मेंटेनन्स विभागासाठी रीतसर पाठवा, तांत्रिक माहिती म्हणून. तिला कुणी हरकत घेणार नाही.

आता कधी द्यायचं. तुम्ही दिवाळी म्हणताय, मी म्हणेन धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा टाळा. त्या आठवड्यात मालकाच्या डोक्यात बोनस असतो. 8.33 टक्के तर द्यायचेच, वर युनियन काय मागते, पार्टीकडून पेमेंट कधी येतं, उत्तरेकडची माणसं छटपूजेला जाणार ती परत कधी येणार. बाहेर भेटवस्तूंची रांग असते आणि आतला माणूस कावलेला असतो. त्यापेक्षा खंडेनवमी गाठा. त्या दिवशी भट्टी, लेथ, ग्राइंडर सगळं धुऊन-पुसून हार घातलेलं असतं, मालक शेडमध्ये असतो, बायको-मुलं आलेली असतात, आलेल्या प्रत्येकाला प्रसाद मिळतो. पाच मिनिटं निवांत मिळतात ती त्याच दिवशी. बाराजणांकडे एका दिवशी जाणं होणार नाही, तर जिथं जास्त जवळीक वाटते तिथं खंडेनवमीला जा, उरलेल्यांकडे तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला. तोवर डबे संपलेले असतात, कारखाना सुरू झालेला असतो आणि पुढच्या महिन्याचं बिल टेबलावर आलेलं असतं.

पुस्तक देताना कामाचा विषय काढू नका आणि नंतर फोन करून "वाचलंत का?" असंही विचारू नका. कामासाठी वेगळं जा, आधी वेळ घेऊन, आणि सरळ बोला : तुमच्याकडे ऑडिट करायची माझी इच्छा आहे, एवढे दिवस लागतील, एवढी फी. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. पुस्तकाच्या आडून काम मागितलं की दोन्ही गोष्टींची किंमत जाते. उघड मागितलं तर नाही म्हणणाराही मान देतो, आणि कोल्हापुरात तर देतोच.

राहता राहिले सासरे. त्यांचंही ऐका, कारण त्यांची मिठाई वाया जाणार नाही, फक्त ती केबिनमध्ये नेऊ नका. ज्या 9 फौंड्र्यांमध्ये तुम्ही काम केलंत, तिथं पॅनेलचं दार उघडून दिलं ते मेंटेनन्सच्या मिस्त्रींनी. भर उन्हाळ्यात भट्टीशेजारी तुमचं मीटर धरून उभा राहिला तो वायरमन. मालकाला त्यांची नावं विचारा, आणि घरच्या चकल्या-करंज्यांचा पुडा तुमच्या हातानं त्यांच्या हातात द्या. पुस्तिका छापून आली की पहिली प्रतही त्यांनाच द्या. शेवटच्या पानावरचा तक्ता रोज भरणारे तेच आहेत.